गच्चीवरचं पिवळं भिंग

१

घरातून काय गेलं ते नंतर; आधी ते गेल्याचं ज्या तऱ्हेनं सांगितलं गेलं, तीच तऱ्हा वच्छलाबाईंच्या डोक्यात गेली. ही काय पद्धत झाली? पारोशा अंगानं, जिन्याच्या पायरीवर उभं राहून, परका माणूस हातात चहाचा कप घेऊन बसलेला असताना बायकोवर ओरडायचं?

"तूच फेकलं! परवा म्हटलंच होतं तू, एक दिवस सगळं कचऱ्याच्या गाडीत देऊन टाकीन म्हणून!"

कोष्ट्याच्या घरात एवढा आवाज मागाचा असायचा, माणसाचा नाही. आणि ओरडणारा कोण, तर प्रज्वल, वच्छलाबाईंचा धाकटा. बुटीबोरीच्या कारखान्यात खुर्चीवर बसायची नोकरी, गोळीबार चौकातली दोन खोल्यांची अडचण सोडून शहराच्या कडेला बेशाला बांधलेलं घर, उमरेडच्या घरंदाज विणकरांची पोरगी बायको. आणि नाद कशाचा? इतवारीच्या भंगारातून मेलेले कॅमेरे उचलून आणायचे आणि त्यांना जिवंत करत बसायचं. वच्छलाबाईंच्या लग्नाच्या शालूच्या घडीत आता तीन भिंगं झोपलेली होती. कपाट उघडलं की आधी कॅमेरे दिसत, मग देव.

आता जे गेलं होतं ते मात्र प्रज्वलचं नव्हतं. ते गोपाळरावांचं होतं, आणि चहाचा कप घेऊन बसलेले परके गृहस्थ तेच. नागपूरच्या महाल भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं कारकुनांचं घराणं, सरकारी कचेरीतून निवृत्त, जुन्या कॅमेऱ्यांच्या नादापायी प्रज्वलचे दोस्त झालेले. त्यांची बायको लतिकाबाई फोटो काढायची. मागच्या वर्षी ती गेली. तिचं जपानी भिंग बरीच वर्षं पेटीत राहून चहासारखं पिवळं पडलेलं होतं. प्रज्वलनं घरी सांगितलं होतं की या काचेत कसलासा पदार्थ मिसळलेला असतो, त्यानं ती पिवळी पडते, आणि कडक उन्हात ठेवली की परत पांढरी होते. भिंगाचं नाव टाकुमार. ते ऐकून वच्छलाबाई म्हणाल्या होत्या, "टाकून मारायचंच आहे तं घरात कायले आणलं गा?"

तर ते टाकुमार गच्चीवर, चांदीचा कागद अंथरलेल्या परातीत, मे महिन्याचं ऊन खात पडलेलं असायचं. शेजारी वच्छलाबाईंच्या कुरड्या.

"मी हात नाही लावला," मयुरी म्हणाली. आवाज खाली, मान ताठ.

"मंग गेलं कुठं? काल दुपारी मी इतवारीत गेलो तवा थे वरच होतं. आंधीत अडकलो तिकडं."

काल दुपारी नागपुरावर लाल धुळीची आंधी आली होती. वच्छलाबाईंनी आठवून सांगितलं, "आंधी थांबल्यावर मीच वर गेली होती कुरड्या पाहाले. परातीत काही नव्हतं. मले वाटलं, आभाळ पाहून तूच खाली आणलं असशीन. म्हणून परात झाडली अन् खाली घेऊन आली."

प्रज्वल क्षणभर थांबला. मग म्हणाला, "म्हणजे तुह्या आधी ही वर जाऊन आली होती. मी गाडी लावून राह्यलो होतो, गेटातून पाह्यलं मी. जिन्यावरून खाली उतरत होती. डोळ्यानं पाह्यलं, माय."

मयुरीनं सासूकडे पाहिलं. फक्त पाहिलं.  आणि वच्छलाबाईंनी नजर खाली वळवली.

कारण मयुरी गच्चीवर जाऊ शकतच नव्हती. सोमवारपासून ती बाजूला होती, आणि बाजूला असलेल्या बाईनं वाळवणाच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, हा नियम या घरात वच्छलाबाईंचा होता. नव्या सुनेला पहिल्याच महिन्यात त्यांनी तो बजावून सांगितला होता. पुरुषांना यातलं काही कळू द्यायचं नाही, हाही नियमच. आता गोपाळराव बसलेले, म्हातारा नवरा नत्थूजी पलंगावर बसलेला. त्यांच्यासमोर हे पोरीनं कसं बोलावं? आणि सासूनं तरी कसं?

म्हणजे एक तर सुनेनं नियम मोडला होता. नाहीतर पोरानं... पुढचं त्यांनी मनातसुद्धा पुरं केलं नाही.

आतल्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मयुरी फोनवर भावाला सांगत होती, "श्रीधर, मले घ्याले ये. आजच ये."

२

वच्छलाबाईंना एका जागी बसवेना. गुडघा दुखत होता तरी ओट्यापासून दारापर्यंत, दारापासून ओट्यापर्यंत फेऱ्या चालल्या होत्या. उमरेड काही लांब नाही. श्रीधर जेवून निघाला तरी दुपार कलायच्या आत दारात. आणि चोर म्हणवून गेलेली पोरगी परत येते ती फक्त आपले दागिने न्यायला, हे त्यांनी नात्यागोत्यात पाहिलं होतं.

गोपाळराव चप्पल घालत होते. वच्छलाबाईंनी त्यांना तिथंच गाठलं.

"तुमी काल आलते ना सकाळी, भिंग पाहाले?"

"आलो होतो, वच्छलाबाई. तुम्ही शेजारी हळदीला गेला होतात. मी वर जाऊन पाहिलं. इतका आनंद झाला मला! चहाचा रंग जाऊन लिंबाच्या सरबतावर आलं होतं. अजून आठवडाभराचं ऊन लागलं असतं."

"म्हणजे तवा थे परातीत होतं."

"होतं की. प्रज्वल माझ्याबरोबरच होता. आतल्या काचेवर बुरशीचा एक ठिपका आहे, तो काढू का, असं विचारत होता. मी हात जोडले. म्हटलं, बाबा रे, उघडू नकोस, फक्त ऊन दाखव. मागे एका कारागिरानं उघडून दुसऱ्या भिंगाचा सत्यानाश केला होता." गोपाळरावांनी चष्मा काढून पुसला. "सूनबाईंना काही बोलू नका. वस्तू होती, गेली. मी तक्रार करणार नाही."

मोठेपणा दाखवला माणसानं. पण त्या मोठेपणातही मयुरी चोर ती चोरच राहत होती. वच्छलाबाईंना ते जास्त झोंबलं.

"जेवून परत या," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"मी म्हणते म्हणून."

३

दुसरा जो काल घरी येऊन गेला तो वैभव, दिराचा पोरगा, वायरमनचं काम करणारा. आणि त्याच्यावर संशय घ्यायला जागा होती. मागच्या महिन्यात इतवारीच्या भंगारात दोघा भावांना एकच घडीचा कॅमेरा दिसला. वैभवनं आधी पाहिला, प्रज्वलनं आधी उचलला. त्यावरून दोघांचं बोलणं बंद. काल वैभव आला तो वच्छलाबाईंनी बोलावलं म्हणून, पाण्याच्या मोटरचं बटण दुरुस्त करायला; त्या स्वतः तेव्हा अजून शेजारी हळदीतच होत्या.

निरोप मिळताच तो आला, पण उंबऱ्यातच उभा राहिला.

"मोठ्याई, मले चोर म्हणाले बोलावलं का?"

"चोर असता तं निरोपावर आला नसता. बस. काल वर गेलता?"

"गेलतो. टाकी भरते का नाही पाहाले. मोटर चालू केली, टाकी भरून वाहाले लागली, बंद केली, उतरलो."

"परात पाह्यली?"

"पाह्यली ना. रिकामी होती. चांदीचा कागद असा चमकून राह्यला होता का डोळे दिपले. म्हटलं, आज भाऊसाहेबानं भिंगाले सुट्टी देल्ली वाटते."

"आंधीच्या आधी?"

"आधीच तं! आंधी आली तवा मी मानेवाड्याच्या चौकात तोंडावर दुपट्टा बांधून उभा होतो."

वच्छलाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. हे पोरगं खोटं बोललं की लहानपणापासून कान खाजवायचं. आता त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. पण कान न खाजवता खोटं बोलायला माणूस मोठेपणी शिकतोच.

"प्रज्वल कुठं होता तवा?"

"मागच्या खोलीत. दार लावून. मी आवाज देल्ला, 'आहे का गा?' तं आतून म्हणते, 'काम करून राह्यलो, नंतर ये.' भाऊ आहे का दुश्मन आहे, मोठ्याई?"

सकाळी गोपाळराव गेले तेव्हा भिंग होतं. वैभव वर गेला तेव्हा नव्हतं, असं वैभव म्हणतो. आंधीनंतर मयुरीनं उचललं, असं प्रज्वल म्हणतो. दोघांतला एक खोटा. एक पुतण्या, एक पोटचा.

पलंगावरून नत्थूजींचा आवाज आला. म्हाताऱ्याला कमी ऐकू येई. त्यामुळे तो नेहमी भलत्याच वेळी भलतंच बोले.

"काल दुपारी कुलर कोनं बंद केलता? भाजून निंगालो मी. वांग्यावानी!"

"लाइन गेली असन!" वच्छलाबाई ओरडल्या, आणि कणीक भिजवायला निघून गेल्या.

४

रिकाम्या हातानं त्यांना विचार करता येत नसे. कणीक तिंबून झाली, पाण्याचा लोटा शेजारी ओट्यावर ठेवला, पोळपाटावर पीठ भुरभुरलं. बाहेर नत्थूजींचं कुलरपुराण चालूच. आत मयुरी साड्यांच्या घड्या घालत होती. चांगल्या घालत होती, रागात असून एकही घडी वाकडी नाही. वच्छलाबाईंनी पीठ आणखी भुरभुरलं, जास्तच भुरभुरलं, सारा ओटा पांढरा झाला. "हात पाहा माहे कसे चालतेत आज," त्या स्वतःवरच करवादल्या आणि पाणी घ्यायला लोटा उचलला.

लोट्याखाली ओटा काळाच्या काळा. पिठात कोरलेला गोल, चंद्रासारखा.

वच्छलाबाई तो गोल पाहत उभ्या राहिल्या. लोट्यातलं पाणी सांडून पायावर आलं तरी हलल्या नाहीत.

काल आंधीनंतर त्यांनी परात पाहिली तेव्हा चांदीच्या कागदावर लाल धूळ बसलेली होती. चाळणीनं चाळून पसरावी तशी एकसारखी, या काठापासून त्या काठापर्यंत. मधे गोल नव्हता. एक बोटभरसुद्धा जागा कोरी नव्हती.

भिंग आंधीत परातीत असतं, तर त्याच्याखालचा कागद स्वच्छ राहिला असता. मग ते मयुरीनं उचललेलं असो, चोरानं असो की माकडानं.

म्हणजे आंधी आली तेव्हा भिंग परातीत नव्हतंच. वैभव खरं बोलत होता. आणि आंधीच्या आधी मयुरी घरात कुठं होती? ती दातांच्या दवाखान्यात कामाला. सकाळी गेली ती आंधी ओसरल्यावर केसांत धूळ घेऊन घरी आली.

पण मग वैभव वर गेला, त्याच्या आधीच भिंग कोणी उतरवलं?

५

"मयुरी, इकडे ये वं."

"बॅग भरून राह्यली, आई."

"भर. थांबवत नाही मी तुले. एकच सांग. काल तू जिन्यावर गेली होती?"

मयुरीचे डोळे भरले, पण आवाज नाही भरला. "तुमीच विचारता का मले हे?"

"तुह्याच तोंडून ऐकाचं होतं."

"नाही गेली. तुमचा नियम कसाही असो, मी मोडला नाही. सकाळी तिथंच सांगाचं होतं मले, पण मामंजी होते, गोपाळकाका होते. तुमाले माहीत होतं, तुमी बोलल्या नाही."

हे वच्छलाबाईंना लागलं. लागलं तरी त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. तेवढा अभिमान अजून शिल्लक होता. पलीकडे नत्थूजींनी परत सूर लावला, "घामानं गादी ओली झाली माही!"

"या म्हाताऱ्याचं कुलर एक..." वच्छलाबाई वैतागल्या. "काल लाइन गेलती का वं?"

"मी नव्हती घरी," मयुरीनं डोळे पुसले. "पण लाइन कायले जाईन? तुमचा मुलगाच बंद करते. भिंग उघडलं का पहिले कुलर बंद. मंग दार बंद, खिडकी बंद. कुलरच्या हवेत ओल असते, वाळ्याचे कण उडतेत, थे काचेच्या आत गेले का काम वाया जाते म्हणे. मी उकडून मरते, पण याचं भिंग बंद झाल्याशिवाय कुलर सुरू होत नाही."

वच्छलाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं.

लाइन गेली नव्हती. वैभवनं त्याच वेळी मोटर चालवली होती. टाकी भरून वाहिली होती. नागपुरात मे महिन्याच्या भर दुपारी, पंख्याचीही हवा भट्टीसारखी लागत असताना, वीज असून कुलर कोण बंद करतं?

बाहेर फटफटी थांबल्याचा आवाज आला. श्रीधर आला होता.

६

वच्छलाबाईंनी सगळ्यांना समोरच्या खोलीत बसवलं. श्रीधर दारालाच टेकून उभा, बहिणीची बॅग पायाशी घेऊन. त्याला पाणी विचारलं तर नको म्हणाला. गोपाळराव खुर्चीत, वैभव खाली, नत्थूजी पलंगावर. प्रज्वल मोबाइल चाळत होता.

"थो फोन खाली ठेव," वच्छलाबाई म्हणाल्या. "वैभव, काल तू मोटर चालवली तवा कुलर चालू होता?"

वैभवनं डोकं खाजवलं. "नव्हता. सारं घर गपगार होतं. मोठेबाबा वारा घालत होते टोपीनं."

"तेच तं सांगून राह्यलो!" नत्थूजींना पहिल्यांदाच नेमकं ऐकू आलं.

"प्रज्वल, लाइन होती अन् कुलर बंद होता. काहून?"

"असन काही. मले काय आठवते?"

"मले सांगता येते. तू भिंग उघडलं का कुलर बंद करतो. आता मी सांगते, चुकलं तं थांबव. गोपाळराव गेले, तू भिंग खाली आणलं. उघडू नको म्हणाले होते, पण तुले थो आतला ठिपका बसू देईना. म्हाताऱ्याचा कुलर बंद केला, दार लावलं. वैभव आला तवा परात रिकामी होती अन् तू आत बसला होता. मंग हातून काही बिघडलं, म्हणून तू इतवारीत गेला. थे कामासाठी नोय, तसंच दुसरं भिंग भेटते का पाहाले. भेटलं नाही."

"आंधी आली तवा भिंग वरच होतं!" प्रज्वल उठला. "आंधीनंतर हिनं..."

"परातीत धूळ एकसारखी होती. मीच झाडली. भिंग तिथं असतं तं त्याच्याखाली कागद कोरा राह्यला असता. राह्यला नव्हता."

प्रज्वलनं मयुरीकडे बोट केलं. "मी पाह्यलं तिले जिन्यावर. डोळ्यानं."

वच्छलाबाईंनी पदर सावरला. गोपाळरावांकडे पाहिलं, श्रीधरकडे पाहिलं. आयुष्यात जे शब्द त्यांनी पुरुषांसमोर काढले नव्हते, ते आता काढले.

"ती जिन्यावर नव्हती. तिचे दिवस होते. सोमवारपासून ती वाळवणाकडे फिरकली नाही, कारण मी फिरकू देल्लं नाही. तू नवरा आहे, पण तुले तेवढंही माहीत नव्हतं. माहीत असतं तं दुसरं खोटं निवडलं असतं."

 गोपाळराव जमिनीकडे बघू लागले. मयुरी मात्र वर बघत होती, सरळ.

प्रज्वल मागच्या खोलीत गेला आणि हातरुमालात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. रुमाल त्यानं गोपाळरावांसमोर उलगडला. आतल्या काचेवर, अगदी मधून, एक पांढरा चरा गेला होता.

"पाना घसरला, काका," तो पुटपुटला. "रिंग जाम होती. मी तुमाले सांगणारच होतो..."

गोपाळरावांनी भिंग उचलून खिडकीकडे धरलं. बराच वेळ धरलं. मग रुमालात परत ठेवलं आणि रुमालाची चारी टोकं एकेक करून दुमडली. 

"माय," प्रज्वल म्हणाला, "चूक झाली माही."

वच्छलाबाई त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. लहानपणी कान पिळताना जेवढ्या जवळ उभ्या राहायच्या, तेवढ्या.

"पाना घसरला थे चूक. काम करणाऱ्याचा हात घसरते. तुह्या बापाच्या हातून मागावरचा भरला ताणा तुटला आहे, मी राग नाही केला. पण आज सकाळी जिन्यावर उभं राहून तू जे बोलला, थे घसरलेलं नाही गा, थे निवडलेलं आहे. वैभवचं नाव घेतलं असतं तं त्यानं तुही कॉलर धरली असती. माह्यं घेतलं असतं तं मी तुले घरात ठेवलं नसतं. ही नवी आहे, ही गप्प राहीन, म्हणून हिचं घेतलं. आता ऐक. ही उमरेडले जाईन. मी थांबवणार नाही, तूही तोंड उघडाचं नाही. तू तिच्यामागून जाशीन, अन् तिच्या मायबापाच्या, आजूबाजूच्यायच्या देखत, जेवढ्या मोठ्यानं इथं ओरडला तेवढ्याच मोठ्यानं सांगशीन का खोटं मी बोललो. फोनवर नाही, कानात नाही. अन् थे ऐकून बी ती म्हणाली का नाही येत, तं मुकाट्यानं परत ये. तिची समजूत काढाले मले पाठवू नको, प्रज्वल. मी गेली, तं तिच्याकडून बोलीन."